चरबी काढलेले शंभर ग्रॅम

श्यामला काकूंचं हिमोग्लोबिन दहा पूर्णांक सहा आहे, ही बातमी लंडनच्या ईलिंगमधल्या आमच्या रस्त्यावर सगळ्यांत शेवटी मला कळली. मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. माझ्याकडे अन्नशास्त्राची पदव्युत्तर पदवी होती आणि ब्रॅकनेलच्या एका प्रयोगशाळेत मी दिवसभर लोकांच्या खाण्यातले मिलिग्रॅम मोजत होते. तरीही माझ्या आधी ती बातमी तीन घरं पलीकडच्या मोहनरावांना, शेजारच्या मिसेस प्रिचर्डना आणि पोस्टमनला कळली होती. मी ते मनाला लावून घेतलं नाही. फक्त नोंद केली.

बातमी साधी नव्हती. १२ एप्रिलला काकूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. हॉस्पिटलचं पत्र असं होतं, की २० मार्चच्या तपासणीत हिमोग्लोबिन किमान बारा हवं. नसेल तर तारीख रद्द होईल आणि नाव परत जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, जाईल. परत जीपीकडे म्हणजे वेटिंग लिस्टच्या शेपटाला. काकू चौदा महिने वाट पाहत होत्या. तेवढेच महिने त्या पुढच्या खोलीत सोफा-बेडवर झोपत होत्या, कारण जिन्याला तेरा पायऱ्या होत्या आणि त्यांचा गुडघा तिसऱ्या पायरीवर संप पुकारायचा. बाकी सगळ्या तपासण्या ठीक होत्या, रक्त तेवढं कमी होतं. लोहाच्या गोळ्या त्यांच्या पोटाला झेपत नव्हत्या. दिवसाआड एक, एवढ्यावर जीपीशी तडजोड झाली होती. उरलेलं खाण्यातून भरून काढायचं होतं.

खाण्यातून म्हणजे कशातून, ते हॉस्पिटलच्या डायटिशियनने पत्रक देऊन सांगितलं होतं. पत्रकावर एका लालसर तुकड्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: लीन बीफ, चरबी काढलेलं, शंभर ग्रॅम. प्रोटीन बावीस ग्रॅम, चरबी चार, लोह २.७ मिलिग्रॅम, झिंक ४.१, बी-१२ दोन मायक्रोग्रॅम. आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावे.

जानेवारीतल्या एका शनिवारी काकूंनी ते पत्रक माझ्यापुढे टेबलावर ठेवलं.

"ऋजुता, तू शिकलेली आहेस. यात जे काय असतं ते सगळं काढ, आणि मला आमटीत घालून दे."

"काकू, काढून म्हणजे..."

"गाय तिकडे राहू दे. तिच्यात जे आहे तेवढं इकडे आण."

कमलाकर काका पेपरामागून म्हणाले, "अगं, औषध म्हणून चार घास खाऊन टाक. मोजून दहा आठवड्यांचा प्रश्न आहे."

"तुम्ही कँटीनमध्ये खाल्लंत तसं?"

पेपर खाली आला. काका रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले होते आणि घरात ते शाकाहारी म्हणून प्रसिद्ध होते.

"बहात्तर सालापासून," काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या. "डब्यातल्या पोळ्या परत यायच्या आणि वर ढेकरही यायचा. मी कधी बोलले का? ज्याचं त्याच्यापाशी. पाप-पुण्याचं मी काढत नाहीये. माझा घास गळ्याखाली उतरणार नाही, एवढंच."

मला हे उत्तर आवडलं. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मोजता येण्यासारखी एक अट मात्र होती, आणि अटी घालून दिलेलं काम मला नेहमीच आवडतं. आमच्या प्रयोगशाळेत बीफ रोज यायचं, पण बरणीत, सुकवून दळलेल्या करड्या पावडरीच्या रूपात, वर नंबराची चिठ्ठी लावून. चार वर्षं मी त्या बरण्यांकडे आकडे म्हणून पाहत आले होते. आकडे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेता येतात, अशी माझी समजूत होती.

पहिली अडचण मूलभूत होती. शंभर ग्रॅम म्हणजे कच्चं की शिजवलेलं? शिजताना मांसातलं पाणी जातं आणि शंभराचे सत्तर उरतात. पत्रकात हे लिहिलं नव्हतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी हॉस्पिटलला फोन लावला. सव्वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका बाई आल्या.

"कच्चं की शिजवलेलं?" मी विचारलं.

"पत्त्यांच्या जोडाएवढा तुकडा, लव्ह," त्या म्हणाल्या. "किंवा तळहाताएवढा."

"कोणाच्या तळहाताएवढा?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पेशंट ते कसं खाणार आहे?" बाईंनी विचारलं.

"पेशंट ते खाणारच नाहीये. मला त्याची बरोबरी करायची आहे."

त्यावर बाईंनी सांगितलं, की शाकाहाऱ्यांसाठी वेगळं पत्रक असतं. ते गुजराती, पंजाबी, तमिळ आणि सोमाली भाषेत उपलब्ध आहे, इंग्रजीतलं संपलंय. मागणी फॉर्म भरून सहा आठवड्यांनी येईल. संध्याकाळी मी हे घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "गुजराती माग. वाचू अंदाजाने." अंदाज हा शब्द मला त्या काळात सहन होत नसे. मी घरातला पत्त्यांचा जोड काढला, पट्टीने त्याची लांबी, रुंदी, जाडी मोजली, घनफळ काढलं आणि मांसाच्या घनतेने गुणलं. शंभर ग्रॅमच्या बरंच जवळ आलं. मग आठवलं, की त्या जोडात चौकटची राणी नाही. ती बावन्नाव्या हिश्शाची चूक मी समासात लिहून ठेवली.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. पालकातही शंभर ग्रॅमला जवळपास तेवढंच लोह असतं. कागदावर पालक आणि गाय बरोबरीत सुटतात. पण कागद आणि आतडं यांत फरक आहे. मांसातलं लोह शरीर चौथा-पाचवा हिस्सा उचलून घेतं, पालकातलं शंभरात दोन-तीन भाग. म्हणजे त्या एका तुकड्याच्या बरोबरीला सुमारे एक किलो पालक लागतो. मी हे काकूंना आकडेमोड दाखवून समजावलं.

"एक किलो?" काकू म्हणाल्या. "अगं, एवढा पाला गाय खाते. म्हणून तर तिच्यात लोह असतं."

शास्त्राच्या बाजूने यात मला खोट काढता आली नाही.

शेवटी मी पालकाला बाजूला सारून नवी मांडणी केली. अळीव, मोडाची मटकी, काळे तीळ, राजगिरा, खजूर आणि प्रत्येक जेवणात अर्धं लिंबू, कारण लिंबाने हेच लोह जास्त चांगलं पचतं. फ्रिजच्या दारावर तक्ता लावला. डावीकडे पदार्थ, मग वजन, मग लोह, मग प्रत्यक्ष शरीरात जाणारं लोह, दोन दशांश स्थळांपर्यंत. वर शीर्षक दिलं: "१०० ग्रॅम लीन बीफ = ". बरोबरच्या चिन्हापुढे रोजची बेरीज लिहायची. फ्रिजवर हे वाचून लीलावतीबाईंनी दारातूनच "हरे राम" म्हटलं. लीलावतीबाई इथल्या मराठी मंडळाच्या माजी अध्यक्षा. त्या मागच्या रस्त्यावर राहायच्या.

"अहो, बीफ नाहीये त्यात," काकू म्हणाल्या. "बरोबरी आहे फक्त."

"बरोबरी तरी कशाला करायची?" लीलावतीबाईंनी विचारलं. पण दोन दिवसांनी त्या स्वतःची लोखंडी कढई घेऊन आल्या. नागपूरहून पंचवीस वर्षांपूर्वी आणलेली ती कढई विमानतळावर हत्यार समजून अडवली गेली होती म्हणे. कढईतून भाजीत नक्की किती लोह उतरतं हे भाजीच्या आंबटपणावर, वेळेवर आणि कढईच्या वयावर अवलंबून असतं. मला तीन अज्ञातं असलेलं एकच समीकरण मिळालं. मी तक्त्यात "कढई: क्ष" असं लिहिलं.

मोहनराव रोज यायचे. त्यांचं म्हणणं बिटावर होतं.

"रंग बघा ना रंग. जे रक्तासारखं दिसतं ते रक्तच करतं."

"मोहनकाका, मग टोमॅटो सॉसनेही..."

"सॉसमध्ये साखर असते," मोहनराव मला माफ करत म्हणाले. मग ते काकूंकडे वळले. "वहिनी, आमच्या वडिलांना डाळीत खिळा उकळून द्यायचे. स्वच्छ खिळा. नव्वद वर्षं जगले."

"खिळ्यामुळे?" काकांनी विचारलं.

"खिळ्यासकट," मोहनराव म्हणाले.

मिसेस प्रिचर्ड मूळच्या कार्डिफच्या. त्यांच्या आईने म्हणे प्रत्येक बाळंतपणानंतर रोज एक ग्लास काळी बिअर पिऊन ताकद भरून काढली होती. त्या बाटली घेऊनच आल्या. काकूंनी ती देवघराच्या विरुद्ध दिशेला ठेवली. पुढच्या आठवड्यात त्या झाकण घातलेलं एक गरम भांडं घेऊन आल्या. "बीफ कॅसरोल," त्या हळूच म्हणाल्या. "अगदी लीन. सगळी चरबी मी हाताने काढलीय, श्यामला. एक तास लागला."

काकूंनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं. दारात आलेलं अन्न त्यांनी आयुष्यात कधी परत पाठवलं नव्हतं. गुडघा असा असूनही त्या उठून दारापर्यंत गेल्या होत्या आणि आता भांडं हातात घेऊन तिथेच थांबल्या होत्या. शंभर ग्रॅमची बरोबरी मी महिनाभर करत होते, आणि ते शंभर ग्रॅम प्रत्यक्ष त्यांच्या हातात होते, वाफ येत होती, वर गाजराचे तुकडे होते. मला पहिल्यांदाच वाटलं, की माझ्या तक्त्यात एक गोष्ट राहिली आहे. कोणीतरी एक तास बसून चरबी काढली होती. त्याचं एकक मला माहीत नव्हतं.

"थँक यू, डिलिस," काकू म्हणाल्या. "बस ना. चहा टाकते."

कॅसरोल वाया जाऊ नये म्हणून काकांनी संपवलं. भांडं चकल्या भरून परत गेलं.

फेब्रुवारीच्या सात तारखेला पहिली तपासणी झाली. मी ऑफिसातून दोन तास सुट्टी घेऊन गेले होते, आणि खरं सांगायचं तर बरोबर तक्त्याची एक प्रतही घेतली होती, डॉक्टरांनी मागितलीच तर असावी म्हणून. कोणी मागितली नाही. हिमोग्लोबिन दहा पूर्णांक पाच आलं.

एक दशांश कमी झालं होतं. चार आठवडे अळीव खाऊन.

घरी येताना बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. काकू माझा हात थोपटत म्हणाल्या, "तुझी बेरीज बरोबरच असणार, हो. माझंच शरीर मेलं हिशेबात कच्चं." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. मोहनराव संध्याकाळी आले आणि फक्त "बीट" एवढंच म्हणाले. मी वर जाऊन सगळी आकडेमोड पुन्हा तपासली. चूक नव्हती. आकडे बरोबर आणि उत्तर चूक, असं आमच्या क्षेत्रात होतं तेव्हा एकच अर्थ असतो. कशाची तरी नोंदच होत नाहीये.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन स्वयंपाकघरात दिवसभर बसले. काकूंनी साडेबाराला मटकीची उसळ, राजगिऱ्याची भाकरी आणि लिंबू घेतलं, ग्रॅम न् ग्रॅम. मग गोळी घेतली. पावणेएकला मोहनराव आले आणि काकूंनी चहा टाकला. मोहनरावांना एक कप, स्वतःला एक. सव्वा वाजता लीलावतीबाई कढईची चौकशी करायला आल्या. दोन कप. दोन वाजता मिसेस प्रिचर्ड. दोन कप. अळिवाचा लाडू तीनला, आणि त्याच्यासोबत काकांबरोबर एक कप. सकाळचे दोन धरून संध्याकाळी माझ्या वहीत काकूंचा आकडा होता: सहा.

चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न मी पूर्ण सोडवला होता. पण चहात लोह शून्य, म्हणून माझ्या तक्त्यात चहाला रकानाच नव्हता.

"काकू, तुम्ही दिवसाला सहा कप चहा पिता?"

"मी कुठे पिते?" काकू दुखावून म्हणाल्या. "आल्या-गेल्याला सोबत म्हणून घेते."

"पण आले-गेले एवढे येतात कशाला?"

"मला सल्ला द्यायला."

मी सगळं समजावून सांगितलं. माणूस रक्त वाढवायचा सल्ला द्यायला येतो, त्याला चहा द्यावा लागतो, त्याच्यासोबत काकूंना घ्यावा लागतो आणि जेवणातलं लोह वाया जातं. म्हणून रक्त वाढत नाही, म्हणून तो पुन्हा सल्ला द्यायला येतो. काकांनी बोटाने टेबलावर एक गोल काढला. मग म्हणाले, "सिग्नल असा लागला असता तर आम्ही दोन्ही गाड्या थांबवल्या असत्या."

उपाय सोपा होता. जेवणानंतर दोन तास काकूंनी चहा घ्यायचा नाही.

"म्हणजे मोहनराव चहा पिणार आणि मी समोर बसून बघणार? त्यांच्या घशाखाली उतरेल का?"

"त्यांना तुम्ही नंतर या म्हणून सांगा."

"ऋजुता," काकू म्हणाल्या, "तू फार शिकलीस."

शेवटी सगळ्यांनाच गरम लिंबूपाणी द्यायचं ठरलं. लिंबाने उलट लोह पचायला मदतच होते. पहिल्या दिवशी मोहनरावांनी कप नाकाजवळ नेला, आत पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, चहा उकळला नाही का अजून?" दुसऱ्या दिवशी ते अर्धा कप ठेवून उठले. आठवड्याच्या आत ईलिंगमध्ये बातमी पसरली की कमलाकरांकडे चहा बंद झालाय. कारण काकूंनी संकोचाने कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. एके संध्याकाळी लीलावतीबाई आल्या आणि काकूंच्या हातात अर्ध्या किलोचं चहापावडरीचं पाकीट ठेवून म्हणाल्या, "श्यामला, अडचण असेल तर सांगायचं. परकं समजू नकोस."

त्या रात्री जेवायला बसेपर्यंत काकूंनी ते पाकीट जागचं हलवलं नाही. मीही नाही. पस्तीस वर्षं या घरात आलेला माणूस चहाशिवाय गेला नव्हता, आणि माझ्या दोन दशांश स्थळांसाठी ते मोडलं होतं.

"बंद करू या का?" मी विचारलं. "मिसेस प्रिचर्डचं ते कॅसरोल... आठवड्यातून दोनदाच. मी तुमच्या जागी असते तर कदाचित..."

"खाल्लं असतंस?"

मी विचार केला. बरण्यांतली पावडर डोळ्यांपुढे आली. "मला खरंच माहीत नाही," मी म्हटलं.

"बघ," काकू म्हणाल्या, "एवढं मोजूनसुद्धा." आणि त्यांनी वरणावर लिंबू पिळलं.

वीस मार्चला काका गाडी लावायला जागा शोधत राहिले आणि काकू व मी आत गेलो. नर्सने रक्त घेतलं, आम्ही तास-दीड तास प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मग तिने आत बोलावून कागद पाहिला.

"अकरा पूर्णांक आठ," ती म्हणाली. "अरेरे."

मला तर उडी मारावीशी वाटत होती. सहा आठवड्यांत एक पूर्णांक तीनची वाढ! पण नर्सने फॉर्मवरच्या चौकटीवर बोट ठेवलं होतं, आणि चौकटीत बारा छापलं होतं.

"दोन दशांशाचा तर फरक आहे," मी म्हटलं.

"फॉर्मवर बारा लिहिलंय, डिअर."

आणि मग मी अशी काही बोलू लागले, की माझे प्राध्यापक तिथे असते तर त्यांनी माझी पदवी परत मागितली असती. मी सांगितलं, की कुठलंही यंत्र अचूक नसतं. हेच रक्त पुन्हा तपासलं तर बारा येईल किंवा साडेअकराही येईल. अकरा पूर्णांक आठ आणि बारा हे व्यवहारात एकच. आकडा ही खूण असते, भिंत नसते, आणि कच्चं की शिजवलेलं हे ज्यांना फोनवर सांगता येत नाही त्यांनी दशांशावर अडून बसू नये. माझा आवाज चढला होता. काकूंनी माझी बाही ओढली.

नर्स रागावली नाही. "तिने थोडं बीफ खाल्लं असतं तर झालं असतं," ती सहानुभूतीने म्हणाली. "थांबा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारते."

डॉक्टर आले. उंच होते, घाईत होते. त्यांनी कागद बघितला, बाजूला ठेवला, काकूंची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली, नाडी धरली. मग स्टूल ओढून समोर बसले.

"ऑपरेशन तुम्हाला कशासाठी हवंय?"

दहा आठवड्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणीच विचारला नव्हता. मीही नाही. काकूंनी पर्स मांडीवर नीट ठेवली आणि आपल्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं:

"डॉक्टर, माझ्याच घराचा वरचा मजला मी सव्वा वर्ष बघितला नाही. माझी खोली वर आहे. आणि दुसऱ्या खोलीत ही मुलगी राहते. हुशार आहे, मला ग्रॅम मोजून जेवायला घालते. पण खोली झाडते की नाही, हे मला बघायचंय. ती म्हणते झाडते. मला शंका आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नर्सनेही पाहिलं. दोन दशांशांवर इतका वेळ बोललेली मी, आता भिंतीवरचं हात धुण्याचं पत्रक वाचू लागले.

डॉक्टरांनी फॉर्म ओढून घेतला, बारा छापलेल्या चौकटीशेजारी काहीतरी लिहिलं आणि सही केली. "बारा एप्रिल कायम," ते काकूंना म्हणाले. "आणि घरी सोडण्याआधीच आम्ही तुम्हाला जिना चढायला लावतो." मग ते उठले आणि जाता जाता माझ्याजवळ थांबले.

"म्हणजे खोली झाडायला तुमच्याकडे साधारण तीन-चार आठवडे आहेत."

"नक्की किती दिवस?" मी विचारलं.